बहात्तर फोटो आणि दोन काचा

संत्री खायला मे महिन्यात नागपूरला गेलेली बाई अख्ख्या महाराष्ट्रात एकच झाली असेल, आणि ती मी. साठचं दशक सरत आलं होतं. मी सव्वीस वर्षांची, साताऱ्याला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते, आणि मला सगळं येतं याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नव्हती. त्या बाईंची आज मी आजी शोभेन. त्यामुळे या प्रवासाची हकीकत सांगताना मधूनमधून तिचे कान धरले, तर वाचकांनी मला अडवू नये.

बाईंच्या खांद्याला एक कॅमेरा होता. मामेभावाने मुंबईहून आणून दिलेला, जपानी, तळहातात मावणारा. छत्तीस फोटोंच्या साध्या रोलवर हा प्रत्येक फोटोच्या जागेत दोन फोटो काढायचा, म्हणजे एका रोलमध्ये बहात्तर. हा आकडा मी गाडीत समोरच्या बाकावरच्या प्रत्येकाला सांगितला. कुणी विचारलं नव्हतं.

गुरुवार

स्टेशनवर विमल उभी होती, हातात ओला पंचा घेऊन. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात आम्ही दोन वर्षं एका खोलीत राहिलो. तिथे ती माझ्यापेक्षा शुद्ध बोलायची, पण नागपूरच्या फलाटावर तिची जीभ घरी आलेली होती.

"आधी डोकं झाक, मग बोल," असं म्हणून तिने पंचा माझ्या डोक्यावर टाकला.

"संत्री कुठं चांगली मिळतात गं?" मी पंच्याच्या आतून विचारलं.

ती थांबली. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "मे महिन्यात? तू पोरींना शिकवतेस ना वं?"

सायकलरिक्षात बसून आम्ही निघालो. सकाळचे नऊ वाजले होते आणि रस्ते असे ओस पडत चालले होते, जणू कुठे संचारबंदी लागली असावी. आमच्या साताऱ्याला उन्हाळा म्हणजे घाम. इथे घाम दिसतच नाही. यायच्या आत वाळतो. वाटेतल्या नंदनवन या भागाचं नाव ऐकून मी झाडं, कारंजी असं काहीतरी मनात रंगवलं होतं. तिथे तेव्हा पुष्कळसं माळरान होतं आणि त्यात एकेक घर उगवत होतं. त्याच्याही पलीकडे विमलची वस्ती होती. तिच्या घरातले काळ मोजायचे ते छप्पन्न सालच्या धम्मदीक्षेपासून. मोठ्या भावाचं लग्न "दीक्षेच्या अगोदरचं", विहीर "दीक्षेच्या दुसऱ्या वर्षीची", विमल शाळेत पहिली आली ती "दीक्षेच्या वर्षी". मला दोन दिवसांत त्या हिशेबाची सवय झाली.

घरात विमलचे आईबाबा आणि तिची आत्या राधाबाई. आत्या साठीच्या पुढच्या, काटक, आवाज अंगापेक्षा मोठा. मी पोचले तेव्हा त्या मागच्या अंगणात चुलीवर पालथं मडकं घालून लंबी रोटी करत होत्या. कणकेचा सैल गोळा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत ताणायचा आणि रुमाल वाळत टाकावा तसा मडक्यावर टाकायचा. एवढी मोठी, एवढी पातळ पोळी मी जन्मात पाहिली नव्हती. अर्थात मी लगेच म्हटलं, "मी करून बघू?" आणि नवशिकी म्हणून लिंबाएवढा गोळा उचलला.

"थो लहान गोळा नको घेऊ," आत्या म्हणाल्या. "त्याले कितीबी ताणलं तरी भोकंच पडन."

मी ताणला. भोकं पडली. त्या भोकांतून मला आत्यांचं हसू दिसलं. मग त्यांनी केलेली रोटी आणि बेसनाच्या पातोडीचा रस्सा पुढे आला. रस्स्याने माझे कान आतून गरम झाले. विमलच्या आईने विचारलं, "तिखट झालं काय?" मी मानेनेच नाही म्हटलं, कारण बोलायला तोंड रिकामं नव्हतं, त्यात आग होती.

जेवताना फोटोचा विषय निघाला. वस्तीतल्या एक्केचाळीस बायांनी वर्षभर दर रविवारी डोक्यावर विटा वाहून नवा विहार उभा केला होता. बुद्धपौर्णिमेला, म्हणजे पुढच्या आठवड्यात, तो उघडायचा होता, आणि आत दारासमोरच्या भिंतीवर या सगळ्या बायांचा एक मोठा फोटो लावायचा होता. अडचण एवढीच की आत्या त्याआधीच, सोमवारी दुपारच्या गाडीने, भिलाईला लेकाकडे कायमच्या राहायला चालल्या होत्या. सून बाळंतपणाला टेकलेली होती, त्यामुळे दिवस पुढे ढकलणं शक्य नव्हतं.

"मी त्या दिवशी इथं नसन," आत्या रोटी ताणता ताणता म्हणाल्या. "पण भितीवर तं असन. जो येईन तो पाहीन, की राधाबाईनं विटा वाहिल्या."

त्यासाठी शहरातल्या महाल भागातले दामोदर मास्तर रविवारी त्यांचा पेटीचा कॅमेरा घेऊन येणार होते. तीन पायांवर उभा राहणारा, काळ्या कापडात डोकं खुपसून बघायचा. फिल्म नाही, काचा. मास्तरांकडे तसल्या काचा दोनच शिल्लक होत्या, कारण बाजारात त्या येईनाशा झाल्या होत्या.

"दोन?" मी हसले. आठवलं की आजही मला ते हसू पुसून टाकावंसं वाटतं. "अहो आत्या, माझ्याकडे बहात्तर आहेत! कशाला हवी ती पेटी? मी उद्याच काढते."

विमल काहीतरी बोलणार होती, पण माझ्या आत्मविश्वासाला रस्त्यात गाठणं अवघड असायचं. संध्याकाळी विमलचे बाबा सायकलवर महालात गेले आणि मास्तरांना नको म्हणून सांगून आले.

शुक्रवार

सकाळी साडेसहाला बाया विहारासमोर जमल्या. बहुतेकींना तिथून थेट कामावर जायचं होतं. लुगडी धुतलेली, केस चापून बसवलेले. तीन रांगा केल्या: पुढची जमिनीवर बसलेली, मधली उभी, मागची विहाराच्या पायऱ्यांवर. विहाराची सावली सगळ्यांवर होती. मी कॅमेऱ्याचं छिद्र आठ आकड्यावर ठेवलं, वेग सेकंदाचा सव्वाशेवा भाग, आणि क्लिक, क्लिक, क्लिक. पंधरा फोटो काढायला दोन मिनिटं लागली नाहीत.

"झालं?" एकीने विचारलं. "येवढ्यात?"

"झालं!"

"मंग आम्ही केस कायले धुतले वं?" ती म्हणाली आणि सगळ्या हसत कामाला पांगल्या.

मी कुणालाच नाव विचारलं नाही. उरलेल्या फोटोंत मी शेळ्या, वाळ्याचे पडदे, रिक्षावाला, मडक्यावरची रोटी आणि स्वतःची सावली टिपली. सावलीचे चार आहेत.

शनिवार

सीताबर्डीवरच्या एका दुकानात रोल धुऊन घेतला आणि त्यातला सर्वांत बरा फोटो निवडून दहा बाय बारा इंचांचा मोठा करायला सांगितला. बरा म्हणजे, ज्यात सहाच बायांचे डोळे मिटले होते तो. दुकानदाराने निगेटिव्ह उजेडासमोर धरली आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "येवढ्याचं येवढं?" मी म्हटलं, "हो." सज्जन माणूस होता, त्याने पावती फाडली.

दुपारी फोटो घेऊन आम्ही घरी आलो. विमलच्या आईने तो पाटावर ठेवला. आत्या समोर बसल्या. शेजारच्या दोघी-तिघी आल्या.

फोटोत विहार ओळखू येत होता. पायऱ्या ओळखू येत होत्या. त्यांच्यासमोर लुगडी होती आणि लुगड्यांवर, जिथे चेहरे असायला हवे, तिथे रवा सांडला होता. भाजलेला, जाडा रवा. प्रत्येक तोंडाच्या जागी आठ-दहा करडे दाणे. जवळून पाहिलं की दाणेच दिसायचे आणि लांबून पाहिलं की सगळ्या जणी एकसारख्या.

आत्यांनी बराच वेळ पाहिलं. मग शांतपणे विचारलं, "यातली मी कोनती?"

मी लगेच बोट ठेवलं. मधल्या रांगेत, डावीकडून पाचवी.

"ते तं शेवंता आहे," विमलची आई म्हणाली. "लुगड्याच्या काठावरून."

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. आत्यांनी पाट हळूच बाजूला सरकवला, "चांगला आहे, विहार चांगला आला," असं म्हणाल्या आणि भिलाईला न्यायच्या कुरड्या डब्यात भरायला उठल्या. डब्याचं झाकण त्यांनी तीनदा लावलं आणि तीनदा काढलं.

विमल मला बाहेर घेऊन गेली. "परवा ती जाऊन राहिली," ती म्हणाली. "तुले बहात्तर काहून पाहिजे होते? तिले एक पाहिजे होता."

विज्ञानाच्या बाईंनी तेव्हा पहिल्यांदा गणित मांडलं. माझ्या निगेटिव्हचा चौकोन दीड पेरभर. त्यात एक्केचाळीस बाया, म्हणजे एकेकीचा चेहरा खसखशीएवढा. तो फोटोत शेंगदाण्याएवढा करायचा तर चौदापट ताणायचा. फिल्मवरचं चित्र चांदीच्या बारीक कणांचं बनलेलं असतं. चित्र ताणलं की कणही ताणले जातात, नवे कुठून येणार? गुरुवारी चुलीपाशी मला हे सगळं एका वाक्यात सांगून झालं होतं, पण मी तेव्हा शिकायला बसले नव्हते, करून दाखवायला बसले होते.

आम्ही तशाच उन्हात महालात गेलो. दामोदर मास्तरांचा स्टुडिओ एका अरुंद जिन्याच्या वर होता. मास्तर सत्तरीला आलेले, धोतर, टोपी, आणि बोटांची नखं औषधांनी तपकिरी झालेली. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"बहात्तरवाल्या मॅडम तुम्हीच काय?"

"हो."

"मंग आता? त्र्याहत्तरावा काढाले आमच्याकडं आल्या?"

मी रव्याचा फोटो पुढे केला. त्यांनी तो पाहिला, निगेटिव्ह मागून घेतली, उजेडात धरली, आणि त्यांचा आवाज जरा उतरला. "कॅमेऱ्याची गलती नाही मॅडम. भिंग चांगलं आहे. पण त्या बिचाऱ्यानं किती ओढावं?" मग त्यांनी कपाटातून एका जुन्या लग्नाची काच काढली. दहा बाय बाराची पूर्ण काच. तिच्यावर कागद दाबून धरून जशाचा तसा फोटो छापायचा, एका सुताचंही ताणणं नाही. मी भिंगातून पाहिलं. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याच्या जाकिटाचं तुटलेलं बटण दिसत होतं. त्याखालचा लोंबणारा दोराही दिसत होता.

"मास्तर, आत्या सोमवारी चालल्या आहेत," विमल म्हणाली. "तुमचा मान मी मोडला, आत्यानं नाही."

खरं तर मी मोडला होता. विमलने तो दोष स्वतःवर घेतला हे मला जिना उतरल्यावर कळलं. आमच्याकडे असं कुणी करत नाही असं नाही, पण मी तरी केलं नव्हतं.

"काचा दोनच आहेत," मास्तर म्हणाले. "साडेसहाले येतो. बायांना सांगा, बांगड्या वाजवू नका."

रविवार

पेटी उभी राहिली. मास्तर काळ्या कापडात शिरले आणि मलाही शिरायला सांगितलं. आत दुधी काचेवर एक्केचाळीस बाया डोकं खाली, पाय वर अशा लटकत होत्या, रंगीत, हलणाऱ्या. मी हा प्रकार पुस्तकातून शिकवत आले होते, पाहिला पहिल्यांदा. आत्यांनाही राहवलं नाही. त्या रांग सोडून आल्या, कापडात डोकावल्या आणि आतूनच ओरडल्या, "बाप्पा! साऱ्या जणी वटवाघळं झाल्या वं!"

मग मास्तरांनी मला एक गंमत दाखवली. छिद्र पूर्ण उघडं असताना पुढची रांग स्पष्ट होती आणि मागची धुक्यात. मोठ्या काचेला लांब पल्ल्याचं भिंग लागतं, आणि ते भिंग एका वेळी थोड्याच खोलीपर्यंत स्पष्ट पाहतं. मास्तर छिद्र बारीक करत गेले. काच अंधारत गेली, पण मागची रांग एकेक करत धुक्यातून बाहेर आली. आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान; पार बत्तीसवर आल्यावर तिन्ही रांगा स्पष्ट झाल्या.

"आता झाकण काढाचं, एक मोजाचं, झाकण लावाचं," मास्तर म्हणाले. "माया काचा सुस्त आहेत, छिद्र बारीक आहे. एक अंक लागते."

इथे गप्प बसले असते तर ही हकीकत दोन पानं आधी संपली असती.

"एक?" मी म्हटलं. "मास्तर, ही काच माझ्या फिल्मच्या एकशे ऐंशीपट मोठी आहे. एवढ्या मोठ्या काचेला उजेडही तितका जास्त लागणार. एका अंकात कसं भागेल?"

"मी तं एकच मोजतो."

"एकशे ऐंशी म्हणत नाही मी. पण निदान बारा तरी मोजा."

तेवढ्यात रांगेतून आत्यांचा आवाज आला, "काहून वं पोरी? मोठा पापड आन लहान पापड, उनात सोबतच वाळतात ना?"

"आत्या," मी वर्गातल्या मुलीला समजावावं तशी हसून म्हणाले, "ते पापड आहेत."

मास्तरांनी टोपी सारखी केली. "तुम्ही सायन्सच्या मॅडम. मायं चुकत असन तर? एक काच तुमची, एक माई."

झाकण निघालं. मास्तर मोठ्याने मोजू लागले. तीनपर्यंत सगळ्या पुतळ्यासारख्या. पाचला एकीला डास चावला. सातला मधल्या रांगेत कुणीतरी फिस्स केलं, आठला ते पसरलं, दहाला पुढची रांग गदगदत होती. बारा. झाकण लागलं.

या गोंधळात विहाराची सावली मागे सरकली होती. ऊन पुढच्या रांगेच्या पायांपासून हातभर अंतरावर आलं होतं. अर्धी रांग उन्हात आणि अर्धी सावलीत गेली की काच वाया. मास्तरांनी दुसरी काच बसवली. पण बायांना एकदा हसू आलं की ते परत आत जात नाही. एक गप्प झाली की दुसरी सुटायची. मास्तर "शांत, शांत" म्हणत होते आणि प्रत्येक "शांत"ला नवीन हसू फुटत होतं.

"ए बायाहो!" आत्या गरजल्या. "डोस्क्यावर विटा आहेत असं समजा!"

आणि एक्केचाळीस माना एकदम ताठ झाल्या. हनुवट्या किंचित वर, खांदे खाली, नजर समोर दहा पावलांवर. कुणाची पापणी लवली असेल तर लवली असेल, पण मान कुणाचीच हलली नाही. वर्षभराचे रविवार त्या मानांत होते. वाऱ्याने एका पदराचं टोक हललं, तेही विमलने पुढे होऊन धरलं आणि बाजूला झाली.

झाकण निघालं. "एक." झाकण लागलं.

दुपारी मास्तरांच्या अंधाऱ्या खोलीत आम्ही तिघं होतो: मास्तर, विमल आणि मी. लाल दिवा, औषधाचा वास, आणि बाहेरच्यापेक्षाही जास्त उकाडा. "आधी तुमची," असं म्हणून मास्तरांनी माझी काच थाळीत सोडली. ती काळी पडू लागली. पडतच गेली. दोन मिनिटांत थाळीत तवा पडल्यासारखी दिसू लागली. पाण्याने धुऊन त्यांनी ती दिव्यासमोर धरली. दिवा दिसेना. एका कडेला जरासं चित्र दिसत होतं. तिथल्या बाईला दोन नाकं होती.

विमल म्हणाली, "वाळला वं पापड."

उभ्या उभ्या मला उमगलं ते इतकं साधं होतं की आजही सांगायला लाज वाटते. माझ्या कॅमेऱ्यात आठ आकड्याला छिद्र मसुरीच्या दाण्याएवढं, आणि ते फिल्मपासून दोन बोटांवर. मास्तरांच्या पेटीत त्याच आठ आकड्याला छिद्र लिंबाएवढं, पण ते काचेपासून हातभर लांब. मोठ्या छिद्रातून उजेड भरपूर शिरतो आणि तितक्याच मोठ्या काचेवर पसरतो. एका बोटाच्या रुंदीवर पडणारा उजेड दोन्हीकडे तोच. आठ म्हणजे आठ. मास्तरांना एक अंक लागायचा तो काच मोठी म्हणून नव्हे. काच सुस्त होती आणि मागच्या रांगेसाठी छिद्र बत्तीसवर नेलेलं होतं. पापड दोन्ही सोबतच वाळतात.

"आता माई," मास्तर म्हणाले.

"थांबा ना जरा," मी म्हटलं. मला खरोखर भीती वाटत होती. माझी काच काळी पडेपर्यंत मी त्या खोलीत विज्ञानाची बाई म्हणून उभी होते, आता नुसती उभी होते. ही काच गेली तर पुढे काच नव्हती, आणि उद्या दुपारनंतर आत्याही नव्हत्या.

"थांबून काय होणार हाये? जे यायचं ते येऊन गेलं काचेवर," असं म्हणून मास्तरांनी काच थाळीत सोडली.

आधी काहीच नाही. मग पायऱ्या. मग लुगड्यांचे काठ. मग एकेक करत, उलट्या रंगात, काळे चेहरे आणि पांढरे केस असे ते येत गेले. मास्तर थाळी हलवत होते आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत होते. त्यांनी काच धुतली, उजेडासमोर धरली आणि पहिल्यांदाच मला "पोरी" म्हटलं. "पाह्य पोरी."

सोमवार

फोटो छापून वाळायला वेळ लागणार होता. मास्तर म्हणाले, "घरी नाही येत, सीधा स्टेशनवर येतो." फलाटावर आम्ही आत्यांना खिडकीजवळ जागा धरून दिली. कुरड्यांचा डबा, ट्रंक, पाण्याची सुरई. गाडी सुटायला दहा मिनिटं उरली आणि मास्तरांचा पत्ता नव्हता. आत्या मान वळवून बघत नव्हत्या. समोरच्या बाईला सुनेच्या बाळंतपणाबद्दल सांगत होत्या, नको तितक्या मोठ्या आवाजात.

सात मिनिटं उरली तेव्हा मास्तर आले, टोपी हातात, धोतर सायकलच्या वंगणाने काळं झालेलं. टीपकागदाच्या दोन पानांत फोटो होता, अजून जरा दमट. विमलने तो खिडकीतून आत दिला.

मला वाटलं होतं त्या आधी स्वतःला शोधतील. मी असते तर तेच केलं असतं. आत्यांनी फोटो गुडघ्यांवर ठेवला, पुढच्या रांगेच्या डाव्या टोकाला नख टेकवलं आणि सुरुवात केली.

"हे भागरथा. हिचा पाय दुखे तरी आली. हे सीता. हे कौसल्या, हिनं पहिली वीट आणली. हे मुक्ता..."

अक्षर न शिकलेल्या त्या बाईने तो फोटो वाचायला घेतला होता. डावीकडून उजवीकडे, ओळीने. चेहरा शेंगदाण्याएवढाच होता, पण त्यात नाक होतं, नाकात फुली होती, कपाळावर आठी होती. समोरची बाई वाकून पाहू लागली. एक हमाल खिडकीशी थांबला. आत्यांचं नख दुसऱ्या रांगेत आलं. शेवंतावर आलं. तिच्यापुढे चौथ्या बाईवर आलं.

"हे राधाबाई," त्या त्याच सुरात म्हणाल्या, आणि नख पुढे सरकलं. "हे गोदा. हे जना, खोडकर आहे, हिनंच हसवलं काल..."

शिट्टी झाली. तिसऱ्या रांगेतल्या चारच झाल्या होत्या. आत्यांनी फोटो टीपकागदात घातला आणि खिडकीतून विमलच्या हातात दिला. "भितीवर नीट लावजा. उन येते त्या बाजूले नको."

"आत्या, अजून दहा जणी राहिल्या," मी म्हणाले. का म्हणाले, कुणास ठाऊक.

गाडी हलली. "तू बोट ठेव," आत्या म्हणाल्या, "मी सांगतो." आणि त्यांनी फोटोशिवायच पुढचं सुरू केलं, कारण कोण कुणाशेजारी उभी होती हे त्यांना पाठ होतं. मी विमलच्या हातातल्या फोटोवर बोट ठेवून गाडीबरोबर चालू लागले.

"सुभद्रा!"

बोट पाचवीवर.

"पारबता! मंग चंद्रभागा! मंग तिची लेक यशोदा!"

मी चालता चालता पळू लागले. विमल पळू लागली. मास्तर मागे राहिले.

"अनसुया! मंग लहान सीता! मंग सखू..."

आठवं नाव मला अर्धंच ऐकू आलं, ते विमलने पूर्ण केलं. मग नुसता हात दिसत राहिला, आणि फलाट संपला.

दोन चेहरे उरले होते. विमलने तोंड उघडलं, पण मी तिला सांगू दिलं नाही. संध्याकाळी वस्तीत परत गेलो तेव्हा त्या दोघी कामावरून आलेल्या होत्या. मी त्यांच्या दारात जाऊन त्यांनाच नावं विचारली.